पल्लवीचा कागद कोण वाचणार

बाई, आज शाळेतून घरी आले, चपला काढल्या आणि पर्समधून मोबाइल काढून तुमचा नंबर लावायला घेतला. अंगठा नावावर गेला तेव्हा आठवलं. तरी क्षणभर वाटलं, लावूनच टाकावा. तिकडून तुम्ही ‘बोला, थोडक्यात’ म्हणाल आणि मी थोडक्यात न बोलता सगळं सांगून टाकीन. तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि एवढी मोठी बातमी घडली, ती ऐकायला तुम्ही नाही. म्हणून लिहायला बसलेय. मला उड्या माराव्याशा वाटताहेत. वयाला शोभत नाही म्हणून खुर्चीत बसलेय, एवढंच.

बातमी शेवटी सांगणार आहे. रागावू नका. ‘कोण, काय केलं, आणि मग काय झालं’ या क्रमानं न लिहिलेला कागद तुम्ही न वाचता परत करायचात, हे मी विसरलेले नाही. तर आज शाळेत तुमची शोकसभा होती. आणि आजच आपला शनिवारचा तास बंद व्हायचा होता.

पुण्याच्या पेठेतल्या शाळेतून निवृत्त झालेली बाई दर शनिवारी बस बदलत मांजरीच्या आपल्या शाळेत कशाला येते, हे आमच्या स्टाफरूममधलं कायमचं कोडं होतं. मला ते कधीच कोडं वाटलं नाही, कारण सुरुवात माझ्यासमोर झाली होती. शाळेतल्या कुठल्याशा कार्यक्रमाला तुम्हाला पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. तुम्ही सत्काराचा नारळ बाजूला ठेवलात आणि नववीच्या निबंधाच्या वह्या मागितल्यात. सगळे चहा पीत होते आणि तुम्ही एका पोराचं भरगच्च पान वाचत होतात. वाचून झाल्यावर मला म्हणालात, “मुलांकडं सांगण्यासारखं पुष्कळ आहे. वाक्य मात्र एकच आहे.” मला राग आला होता. आमच्या पोरांना नावं ठेवायला ही सदाशिव पेठ इतक्या लांब आलीय का, असं मनात म्हणाले. पुढच्या शनिवारी तुम्ही शाळेच्या दारात उभ्या. हातात पिशवी, पिशवीत कोरे कागद. मला म्हणालात, नावं ठेवून गेले, तेव्हा काम करणं भाग आहे.

आणि मग तो पहिला तास. आठवतोय ना? मुलांना वाटलं होतं, आता व्याकरण म्हणजे कर्ता, कर्म, क्रियापद, घोकंपट्टी आणि छडी. तुम्ही फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाहीत. सगळ्यांना ‘काल मी काय केलं’ यावर पानभर लिहायला सांगितलंत, ओंकारचा कागद उचललात आणि ओंकारला फळ्याकडं तोंड करून उभं केलंत. बिचाऱ्याला वाटलं, शिक्षा झाली. मग तुम्ही म्हणालात, आता हा कागद दुसरं कुणीतरी वाचेल. जिथं खूण असेल तिथंच थांबायचं. खूण नसेल तर श्वास घ्यायचा नाही. आणि लिहिणाऱ्यानं वळायचं नाही, बोलायचं नाही, समजावून सांगायचं नाही. त्याचं काम संपलेलं आहे.

ओंकारच्या पानभर मजकुरात पूर्णविराम एकच होता, तोही अगदी शेवटी. वाचणारा मुलगा चौथ्या ओळीला लाल झाला, सहाव्या ओळीला हाशहुश करून बाकावर बसला. वर्ग खो-खो हसला. हसू थांबल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, “आता सांगा, याला दमवलं कुणी?” सगळी बोटं ओंकारकडं. पूर्णविराम म्हणजे काय हे मी त्या पोरांना वर्षभर शिकवत होते. तुम्ही ते त्यांना पाच मिनिटांत दमवून शिकवलंत.

त्या रिवाजाला मुलांनीच नाव ठेवलं, परकं तोंड. आपलं लिहिलेलं आपल्या तोंडून सगळ्यांनाच छान वाटतं. जिथं स्वल्पविराम विसरलो तिथं आपण आपोआप थांबतो, जिथं नाव लिहायचं राहिलं तिथं ते आपल्याला ठाऊकच असतं. परकं तोंड काही सांभाळून घेत नाही. पण तुमची खरी करामत पुढं होती, आणि ती मला कळायला बरेच शनिवार गेले. परकं तोंड म्हणून तुम्ही वर्गातली हुशार, घडाघडा वाचणारी मुलं कधी निवडली नाहीत. मी एकदा सुचवलं, तर म्हणालात, “ती चुका गिळून वाचतात हो. मला अडखळणारं माणूस हवं.” आणि तुम्ही पल्लवीला उठवलंत.

पल्लवी म्हणजे शेवटून दुसऱ्या बाकावरची. तिचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात, आई सोसायट्यांमध्ये स्वयंपाक करते. पल्लवी अक्षराला अक्षर जुळवत वाचते, नववीतही तशीच. धडा वाचायची पाळी तिच्यापर्यंत आली की आम्ही शिक्षक तिला वगळून पुढच्याला उठवायचो. वेळ वाचायचा आणि तिची फजितीही वाचायची, असं आम्ही स्वतःला समजवायचो. तुम्ही तिला वर्गासमोर आणून उभं केलंत आणि जाहीर केलंत, की ही वाचताना जिथं अडेल, ती चूक तिची नाही. लिहिणाऱ्याची आहे.

बाई, त्या मुलीचा चेहरा मी अजून विसरले नाही. ती अडायची आणि वर्ग तिच्याकडं न बघता लिहिणाऱ्याच्या पाठीकडं बघायचा. दिवाळीपर्यंत अशी वेळ आली की मधल्या सुट्टीत मुलं तिच्या मागं लागायची. पल्लवी, माझा वाच ना, माझा आधी. वर्गातली पहिली आलेली मुलगीसुद्धा रांगेत. ती कागद हातात घ्यायची, बोट ठेवून वाचायची आणि सांगायची, इथं मी अडले. इथं मला कळलं नाही की ‘तो’ म्हणजे तुझा मामा का मामाचा ट्रॅक्टर. इथं तू मला बसू देत नाहीस. मुलं निमूटपणे खोडून पुन्हा लिहायची. लाल पेन घेऊन मी इतकी वर्षं जे केलं, त्याचं त्यांना कधी एवढं काही वाटलं नव्हतं.

नियम तुम्ही शिकवलेतच, पण असे सहज, की मुलांना ते नियम वाटले नाहीत. स्वल्पविराम म्हणजे जेवताना घेतलेला पाण्याचा घोट आणि पूर्णविराम म्हणजे पानावरून उठणं. घोटाघोटाला उठू नका आणि उठायचंच नाही असंही करू नका. कुणी काय म्हटलं ते लिहायचं तर त्याचे शब्द अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर आजीचं बोलणं तुमच्या नावावर जमा होईल. नवा विचार, नवा परिच्छेद. उद्गारचिन्हं तर तुम्ही रेशनवर दिली होतीत. मोबाइलवर एकामागे एक ठोकायची सवय लागलेल्या पोरांना तुम्ही विचारायचात, घरात आग लागली आहे का? नसेल तर ओरडताय कशाला? आणि वाक्यात क्रियापदच नसलं की तुमचा तो शांत प्रश्न, “आपलं क्रियापद गावाला गेलंय का?” तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना तुम्ही अहो-जाहो करायचात. आधी ती खिदळायची. मग त्यांना त्याची सवय लागली आणि वागण्यात ऐट आली. ‘आपण हे वाक्य सुरू केलंत, आता संपवायला कोण येणार?’ असं कुणी अदबीनं विचारलं की मुलाला ते संपवावंच लागतं.

आपलं भांडण मात्र पहिल्या महिन्यातच लागलं आणि शेवटपर्यंत मिटलं नाही. लिहिणाऱ्यानं बोलायचं नाही, हा तुमचा नियम मला कधीच पटला नाही. त्या दिवशी ओंकारनं त्याच्या दादाबद्दल लिहिलं होतं. दादा खराडीला रात्रपाळीच्या कामाला लागला, तेव्हापासून दोघा भावांचं बोलणंच होत नाही. सगळं एका लांबलचक वाक्यात, मध्ये मोबाइल, मध्ये आई, मध्ये कंपनीची गाडी. पल्लवी अडली, पोरं हसली. ओंकार वळला आणि सांगायला लागला, तसं नाही, दादा ना… तुम्ही हात वर केलात. “ओंकार, आपण फळ्याकडं.” तो पुन्हा फळ्याकडं वळला. त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

बसस्टॉपपर्यंत मी तुमच्याशी भांडत आले. म्हटलं, या पोरांना आधीच कुणी बोलू देत नाही. घरात थोरले, शाळेत आम्ही, सगळीकडं ‘गप बस’. इथं तरी बोलू द्या. तुम्ही पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत आणि म्हणालात, “उद्या हा कुणाकडं अर्ज लिहील. तिथं त्याच्या कागदामागं उभं राहून समजावून सांगायला तुम्ही जाणार आहात का? की मी?” मी म्हटलं, तो अर्ज नव्हता बाई, त्याचा भाऊ होता. बस आली.

पुढच्या शनिवारी ओंकारनं तेच पुन्हा लिहून आणलं. ‘दादा रात्री कामाला जातो. दिवसा झोपतो. तो उठतो तेव्हा मी शाळेत असतो. आम्ही घरात हळू बोलतो.’ पल्लवीनं ते एकदाही न अडता वाचलं आणि वर्गात कुणी हसलं नाही. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. विजयानं नाही, एवढं मात्र खरं. तरी मी म्हणतच राहिले, की हे चांगलं झालं, पण त्याला त्या दिवशी बोलू द्यायला हवं होतं. तुम्ही म्हणत राहिलात, की बोलू दिलं असतं तर त्यानं हे लिहिलं नसतं. फोनवर, बसस्टॉपवर, माझ्या घरी पोहे खाताना, आपण हेच एक भांडण शिळं न होऊ देता भांडलो.

आता पल्लवीच्या कागदाचं. वर्गातल्या सगळ्यांचं पल्लवी वाचायची, पण पल्लवीचं कुणी वाचायचं? तिच्याहून अडखळत वाचणारं वर्गात कुणी नव्हतं. घडाघडा वाचणाऱ्या मुलीनं एकदा वाचलं, तर पल्लवी हिरमुसली. ‘माझ्या चुका हिला लागतच नाहीत,’ म्हणाली. तेव्हा तुम्ही म्हणालात, “आणा तो कागद इकडं. मला हल्ली धड दिसत नाही. आपल्या दोघींची गाडी एकाच वेगानं जाईल.” तेव्हापासून पल्लवीचा कागद तुम्ही वाचायचात. डोळे बारीक करून, कागद लांब धरून, जवळ धरून, एकेक शब्द उचलत. जिथं पल्लवीनं खूण केली नव्हती तिथं हमखास अडून. ती फळ्याकडं तोंड करून उभी, कान टवकारून.

तुमच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच्या आदल्याच उन्हाळ्यात झालं होतं, हे मला ठाऊक होतं, कारण दवाखान्यात डबा मीच आणत होते. वर्गात बोलण्याची सोय नव्हती. पायऱ्या उतरताना विचारलं, बाई, हे काय नाटक? तर म्हणालात, तुमच्या पोटात राहू द्या. तिला कळलं तर तिला वाटेल मी तिची कीव करते, आणि मग ती लिहायची थांबेल. म्हणून ते माझ्या पोटात राहिलं. दर शनिवारी मला तुमचा तो अभिनय बघून हसू दाबावं लागायचं, तेही राहिलं.

शेवटचा फोन तुम्ही दवाखान्यातून केलात. तब्येतीचं विचारलं तर म्हणालात, डॉक्टर सांगतील ते त्यांच्या अक्षरात, आपल्याला ते वाचता येणार नाही. मग एकदम, पल्लवीचं या शनिवारी कोण वाचणार? मी म्हटलं, तुम्ही येऊन वाचा. तुम्ही ‘बघू’ म्हणालात. तुमच्या तोंडी ‘बघू’ मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मला त्या वेळी म्हणायचं होतं की बाई, तुम्ही मला पुन्हा शिकवायला शिकवलंत. म्हटलं नाही. उगाच निरोपासारखं वाटलं असतं.

तुम्ही गेल्यावर जगताप सरांनी मला बोलावून घेतलं. आमचे मुख्याध्यापक वाईट माणूस नाहीत. नव्या सोसायट्यांतले पालक त्यांना रोज मार्कांचं विचारतात, आणि हीच मुलं आता दहावीत आली आहेत. ते म्हणाले, मॅडम, बाई होत्या तोवर ठीक होतं, पाहुण्या माणसाला नाही कसं म्हणायचं. आता शनिवारी सराव पेपर घेऊ. बाईंची शोकसभा त्याच तासाला ठेवू, म्हणजे तास सन्मानानं संपेल. ‘सन्मानानं’ हा शब्द त्यांनी खरंच मनापासून वापरला. मी भांडले, पण माझ्याकडं मुद्दा काय होता? मार्क वाढले का, तर थोडे वाढले. पल्लवीचे वाढले का, तर ती पास होते, एवढंच. ती मधल्या सुट्टीत रांग लावून घेते, हे प्रगतिपुस्तकात कुठं लिहायचं? मला दिसत होतं की सोमवारपासून ती पुन्हा शेवटून दुसऱ्या बाकावर जाऊन बसणार आणि आम्ही तिला वगळून पुढच्याला उठवणार.

तर आज. तुमचा फोटो टेबलावर, हार, उदबत्ती. जगताप सर, आणि शाळेच्या समितीवरचे तात्या. तात्यांना तुम्ही एकदाच भेटला होतात. मांजरीतले जुने ऊसवाले, चौथी शिकलेले, सगळ्या कार्यक्रमांना पांढरीशुभ्र टोपी घालून पहिल्या खुर्चीत बसणारे. मी उठले आणि लिहून आणलेली श्रद्धांजली वाचायला कागद उघडला. पहिला शब्द तोंडातून निघायच्या आत मागून आवाज आला.

“मॅडम, परकं तोंड.”

पल्लवी उभी होती. जगताप सरांनी ‘आज नको, आज नको’ असा हात हलवला. पण मागच्या बाकांवरून कुजबुज सुरू झाली आणि मग सगळा वर्गच म्हणायला लागला की बाईंच्या तासाला बाईंचाच नियम. तात्यांनी विचारलं, “काय हाय ते परकं तोंड?” ओंकारनं उठून समजावलं. तात्यांना मजा वाटली असावी. ते म्हणाले, “मग होऊन जाऊ द्या की.” मुख्याध्यापक तात्यांच्या पुढं जात नाहीत. मी कागद पल्लवीच्या हातात दिला आणि फळ्याकडं तोंड करून उभी राहिले.

बाई, ‘तुमचा कागद कधी?’ म्हणून तुम्ही मला दर सत्राला छेडायचात आणि मी हसून टाळायचे. आज सुटका नव्हती. आणि काय लिहिलं होतं मी! तुम्ही असता तर खुर्चीत सरसावून बसला असता. ‘ज्यांच्या ज्ञानाचा नंदादीप अखंड तेवत राहून ज्यांनी असंख्य विद्यार्थ्यांच्या जीवनात आपल्या निःस्वार्थ सेवेने व मृदू स्वभावाने…’ पल्लवी ‘निःस्वार्थ’ला अडली. मागं गेली, पुन्हा सुरुवात केली. ‘व मृदू स्वभावाने’ला तिचा श्वास संपला. कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कुणी. शोकसभेत, तुमच्या फोटोसमोर सगळा वर्ग हसला, आणि फळ्याकडं तोंड करून उभी असलेली मी इतकी हसले की खांदे हलायला लागले. जगताप सरांना वाटलं मी रडतेय. ते पाणी आणायला धावले. थोड्या वेळानं मी खरंच रडत होते, त्यामुळं पाणी वाया गेलं नाही.

रिवाजाप्रमाणं मग प्रश्न आले. इथं मी दमले. नंदादीप म्हणजे बाई का? बाई मृदू होत्या हे कुणी सांगितलं? बाई काय करायच्या, ते यात कुठंच नाही. मला इतकं वळावंसं वाटलं, इतकं सांगावंसं वाटलं, की अरे, माझ्या मनात ते सगळं आहे, पिशवी आहे, बस आहे, ‘बोला, थोडक्यात’ आहे. पण फळ्याकडंच तोंड करून उभी राहिले. ओंकारचे ते लाल कान काय होते, हे आज मला आतून कळलं. माझं बरोबर होतं, बाई. फार लागतं हे. आणि तुमचंही बरोबर होतं, कारण पुढच्याच मिनिटाला मी खडू उचलला. वर्ग सांगत गेला आणि मी फळ्यावर लिहीत गेले. ‘केतकर बाई दर शनिवारी यायच्या. त्या आम्हाला अहो म्हणायच्या. त्या आमचं लिहिलेलं शेवटपर्यंत ऐकायच्या. त्यांना उद्गारचिन्ह आवडायचं नाही. आम्हाला त्या आवडायच्या.’ पल्लवीनं ते वरपासून खालपर्यंत वाचलं, एकदाही न थांबता. म्हणजे थांबली, पण प्रत्येक पूर्णविरामाला, नीट, पानावरून उठल्यासारखी. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

मला वाटलं, झालं, आता जगताप सर उठतील आणि तास संपल्याचं सांगतील. ते उठलेही. तेवढ्यात पल्लवीनं दप्तरातून एक कागद काढला.

“मॅडम, मीपण लिहिलंय. माझं कोण वाचणार?”

मी हात पुढं केला, तर तिनं मान हलवली. म्हणाली, तुम्ही नको, तुम्ही चुका नीट करून वाचता. वर्गात तिच्याहून हळू वाचणारं कुणी नव्हतंच, आणि जे होतं ते हार घातलेल्या फोटोत होतं. आपण या मुलीला एवढं वर आणलं आणि आता तिचा कागद वाचायला माणूस नाही, असं मनात आलं. मग पहिल्या खुर्चीतून आवाज आला.

“आण हिकडं. माझ्याएवढं हळू वाचणारं हितं दुसरं कोन हाय?”

पल्लवीनं तात्यांना कागद दिला आणि फळ्याकडं तोंड केलं. तात्यांनी बोट ठेवलं. एकेक अक्षर करत, मोठ्यानं, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलल्यासारखं वाचलं. मी तिचा कागद मागून घेतलाय, आत्ता समोर आहे, तसाच उतरवते.

‘बाई माझा कागद वाचायच्या. त्या म्हणायच्या, मला नीट दिसत नाही. पण त्यांना दिसायचं. शाळेच्या गेटातून त्या लांबच्या बसचा नंबर वाचायच्या. त्या मला म्हणायच्या, पळा, आपल्या आईची बस आली. त्या माझ्यासाठी हळू वाचायच्या. मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं.’

तात्या एकदाही चुकीच्या ठिकाणी अडले नाहीत. अडायला तिनं जागाच ठेवली नव्हती. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. जगताप सर उभेच होते आणि त्यांच्या हातातला सराव परीक्षेचा कागद त्यांनी पाठीमागं नेलेला मला दिसला.

मी तुमचा नियम मोडला, बाई. तुम्ही नाही म्हणून नाही, मला खरंच पटत नाही म्हणून. मी पल्लवीला म्हटलं, आता वळ आणि बोल. आज मी बोलू देणार आहे. काय सांगायचंय ते सांग. ती वळली. माझ्याकडं बघितलं, तुमच्या फोटोकडं बघितलं, थोडा विचार केला.

“काही नाही, मॅडम. सगळं लिहिलंय.”

जगताप सरांनी घसा साफ केला. मी मनात भांडणाची सगळी तयारी केली होती, मुद्दे जुळवले होते. त्यांनी वर्गावरून नजर फिरवली आणि नेहमीच्या, हजेरी घेतल्यासारख्या आवाजात विचारलं, “पुढच्या शनिवारी कुणाचा कागद आहे?” हात वर गेले, बाई. इतके हात वर गेले की मला मोजता आले नाहीत. सराव पेपर आता सोमवारी पहिल्या तासाला घ्यायचे ठरलेत. मुलं त्यावर कुरकुरली, ते सोडून द्या.

ही ती बातमी. तास राहिला. आपलं भांडण तुम्ही जिंकलात, आणि तेही तिथं नसताना. पण खरी बातमी हीसुद्धा नाही. तुम्ही शेवटच्या दिवसापर्यंत जपलेलं ते गुपित, माझ्या पोटात ठेवलेलं, ते गुपित नव्हतंच. तिला माहीत होतं, बाई. पहिल्यापासून माहीत होतं. तुम्हाला वाटत होतं तुम्ही तिला सांभाळून घेताय, आणि ती पोरगी फळ्याकडं तोंड करून उभी राहून दर शनिवारी तुम्हाला सांभाळून घेत होती.